कलम एक, पोटकलम तीन

भूजल कायद्याची आमच्या ग्रंथालयातली प्रत उघडली की पहिल्याच पानावर पेन्सिलीच्या तारखा दिसतात. कायद्याच्या नावातच २००९. त्याखाली क्रमांक, सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम २६. राजपत्र, डिसेंबर २०१३. अंमल, १ जून २०१४. आणि सगळ्यात खाली, जरा पुसट, मसुदा नियम, जुलै २०१८. अक्षर माझं आहे. कोर्टात कोण यातली कुठली तारीख धरून भांडेल याचा नेम नसतो, म्हणून सगळ्या लिहून ठेवलेल्या बऱ्या.

मी सोलापुरात वकिलांच्या एका ग्रंथालयात नोकरी करते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, असं बाहेरच्यांना वाटतं. माझा निम्मा वेळ चिकटवण्यात जातो. कायद्यात दुरुस्ती झाली की नवी आवृत्ती येईपर्यंत जुन्या बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर छापलेल्या पुस्तकात, त्या त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी लावायची. कात्री, डिंक, पट्टी. चिठ्ठी लावण्याआधी मात्र एक गोष्ट बघायचीच, ही दुरुस्ती लागू झालीय का? तरुण वकील मोबाइल पुढे धरत येतात, "मॅडम, बिल पास झालं की कालच. पुस्तकात कसं नाही अजून?" मी म्हणते, पास झालं असेल, लागू व्हायचंय. त्यांना वाटतं बाईंना काम टाळायचंय.

हे अंतर सगळ्याच कायद्यांत असतं. पण पाण्याच्या कायद्यांत ते जितकं लांबलेलं मी पाहिलं तितकं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आणि पाणी म्हटलं की आमच्याकडे प्रश्न विचारायला वकीलच येतात असं नाही, घरचेही फोन येतात.

माझा एक भाचा मोहोळ तालुक्यात द्राक्षं करतो. भूजल कायदा राजपत्रात आला त्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "मावशी, बोअरचा कायदा पास झालाय म्हणं. साठ मीटरच्या खाली गेलं की केस. गाडी ठरवून बसलोय मी, काय करू?" गाडी म्हणजे बोअरची गाडी. तमिळनाडूचे नंबर असलेल्या त्या गाड्या आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव दिसायला लागतात. साठ मीटर म्हणजे दोनशे फूटही पुरते नाहीत, आणि त्याच्या शिवारात दोनशे फुटांवर कुणी थांबत नाही.

मी म्हटलं, "पास झालाय, राजपत्रात आलाय. अंमलात आलेला नाही."

"म्हणजे साखरपुडा झालाय, लग्न राहिलंय."

"तसंच धर."

"मग तारीख कोण काढणार?"

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कायद्याच्या पहिल्या कलमात असतं, आणि ते कलम कुणीही वाचत नाही. त्यात काय असणार, नाव असेल, असं समजून सगळे थेट दुसऱ्या कलमातल्या व्याख्यांवर उडी मारतात. समासात त्याचं शीर्षक असतं, संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ. पोटकलम एकमध्ये नाव. दोनमध्ये तो कुठे लागू, तर संपूर्ण महाराष्ट्र राज्यात. आणि पोटकलम तीन, तो राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल. या एका ओळीत विधिमंडळाने कायदा करून चावी मंत्रालयात दिलेली असते.

आधी काय काय झालेलं असतं तेही सांगते, कारण त्यातही वर्षं जातात. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, त्या दिवशी बातमी होते. मग ते राज्यपालांकडे जातं. केंद्राच्या एखाद्या कायद्याशी ते आडवं जाईल अशी शक्यता असेल तर राज्यपाल ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात, संविधानात तशी सोय आहे. भूजल विधेयक असंच दिल्लीला गेलं. नावातलं २००९ तसंच राहिलं आणि संमती येऊन राजपत्रात छापेपर्यंत २०१३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात २०१२-१३ चा दुष्काळ येऊन गेला. आमचं उजनी धरण मृतसाठ्यात गेलं होतं. उजनीत वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. जमिनीखालच्या पाण्याचा कायदा तेव्हा मंजूर होता आणि कुणाच्याही उपयोगाचा नव्हता.

मग ती अधिसूचना. दिसायला अगदी साधी. वर विभागाचं नाव, मंत्रालयाचा पत्ता, तारीख. मजकूर बहुतेक वेळा एकाच वाक्याचा, अमुक अधिनियमाच्या कलम १ च्या पोटकलम (३) अन्वये प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून महाराष्ट्र शासन अमुक दिनांक हा सदर अधिनियम अंमलात येण्याचा दिनांक म्हणून नियत करीत आहे. खाली, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने, आणि कुणा सचिव-उपसचिवांची सही. या कागदाची बातमी होत नाही. पण भूजल कायद्याच्या बाबतीत याच कागदाने १ जून २०१४ ही तारीख पक्की केली, आणि त्या दिवसापासून १९९३ चा जुना कायदा, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको म्हणणारा, निरसित झाला. दोन्हींच्या मध्ये एक दिवसही मोकळा राहिला नाही. जुना कायदा रद्द करणारं कलमसुद्धा नव्या कायद्याबरोबरच जागं होतं, म्हणून. डिसेंबर ते मे या काळात जुना १९९३ चाच कायदा चालू होता, हे मी काही वकिलांनाही सांगितलेलं आहे. नावं घेत नाही.

तारीख सरकारवर सोपवणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. भूजल कायद्यासारख्या कायद्याला कार्यालयं लागतात, माणसं लागतात, विहिरींची नोंद करणारा कुणीतरी लागतो. काहीच तयारी नसताना कायदा लागू केला तर त्याचा उपयोग फक्त त्रास द्यायला होतो. माझी तक्रार त्या ओळीत मुदत नसते याबद्दल आहे. "नियत करील अशा दिनांकास" यात उद्याही बसतो आणि चाळीस वर्षांनंतरचा दिवसही बसतो. अतिशयोक्ती वाटेल, पण संविधानाच्या ४४ व्या दुरुस्तीतलं तिसरं कलम, प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दलचं, १९७८ मध्ये संसदेने मंजूर केलं आणि त्याला तारीख अजूनही मिळालेली नाही. ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा होता. तारीख काढाच, असा हुकूम आम्ही सरकारला देऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे १९८८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात थोडी फट ठेवली, लागू करायचा की नाही याचा विचार तरी करा, असं सांगता येईल एवढीच. थोडक्यात, मंजूर झालेला कायदा सरकारच्या कपाटात पडून राहिला तर नागरिकाच्या हातात फारसं काही नाही.

कायद्यात तारखेबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर? ही गंमत मला नोकरीला लागल्यावर एका निवृत्त वकिलांनी सांगितली, आणि ती विचारून मी आता नव्या वकिलांना अडकवते. केंद्राचा कायदा असेल तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली त्या दिवशी तो लागू. महाराष्ट्राचा असेल तर आपला १९०४ चा वेगळा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, आणि त्याप्रमाणे संमती राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध होते तो दिवस. म्हणजे राज्याच्या कायद्यात निदान छापील कागद हातात येईपर्यंत तरी थांबतात. दिवस म्हणजे आदल्या रात्री बारा वाजल्यापासून, तेही लिहिलेलं आहे.

छापण्याला एवढं महत्त्व का, तर त्यामागे दोन खटले आहेत आणि दोन्ही मला कथेसारखे आवडतात. पहिला हरला विरुद्ध राजस्थान राज्य, १९५१. जयपूर संस्थानात महाराजा वयाने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असताना मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूचा कायदा केला. कुठे छापला नाही, दवंडी नाही, काही नाही. पुढे त्याखाली एकाला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, जो कायदा लोकांपर्यंत पोचवलाच नाही तो लोकांवर लादता येत नाही, आणि शिक्षा रद्द केली. दुसरा १९६५ चा. झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका परदेशी प्रवाशाचं विमान २८ नोव्हेंबर १९६२ ला मुंबईच्या विमानतळावर उतरलं. त्याच्या अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं. रिझर्व्ह बँकेने सोन्याचे नियम बदलणारी अधिसूचना काढली होती आणि ती २४ नोव्हेंबरला राजपत्रात आली होती. तो म्हणाला, चार दिवसांपूर्वी भारतात काय छापलं ते मला झुरिकमध्ये कसं कळणार? न्यायालयाने बहुमताने सांगितलं, भारतात राजपत्रात रीतसर छापलं एवढं पुरे. एकत्र वाचले की हे दोन निकाल आपल्याला कुठे नेऊन सोडतात ते कळतं. सरकारने छापलंच पाहिजे, आणि छापलं की आपण वाचलं असं धरलं जाणार.

आता केंद्राचं राजपत्र २०१५ पासून कागदावर छापतच नाहीत, संगणकावरच निघतं. राज्याचंही घरबसल्या उतरवून घेता येतं. पूर्वी मुंबईहून टपालाने गठ्ठा यायचा, पावसाळ्यात तो कडेने भिजलेला असायचा. ती सोय निश्चित वाढली. वाचणारे वाढले का, हा वेगळा विषय.

मनात आणलं तर सरकार किती झटपट असू शकतं, हे सोलापूरला मे १९३० मध्येच कळलंय. मार्शल लॉ आला तेव्हा शहराच्या नावाचा स्वतंत्र वटहुकूम निघाला. त्याची तारीख कुणाला शोधत बसावी लागली नाही.

अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर धरण सुरक्षा कायदा. लोकसभेत तो ऑगस्ट २०१९ मध्येच मंजूर झाला होता, राज्यसभेत यायला डिसेंबर २०२१ लागला. पण एकदा संमती मिळाल्यावर त्याच महिन्यात अधिसूचना निघाली आणि ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात सरसकट येतात. उजनीची उंची ५६ मीटरच्या वर, म्हणजे आपलं धरण त्या दिवसापासून या कायद्याखाली गेलं. इथे प्रारंभाच्या तारखेला आणखी एक काम आहे. तिथून घड्याळ सुरू होतं. राष्ट्रीय समिती साठ दिवसांत नेमायची, असं कायद्यातच लिहिलेलं, आणि ती २०२२ च्या फेब्रुवारीत नेमलीही गेली. तेव्हा मनात आलं की मुदत लिहिली की होतं, आणि म्हणूनच बहुधा ती लिहीत नाहीत.

जलप्रदूषणाच्या कायद्याची चाल आणखी वेगळी. पाणी हा राज्याचा विषय, संसदेला त्यावर सरळ कायदा करता येत नाही. पण दोन किंवा जास्त राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून सांगितलं, तर संसद त्यांच्यापुरता कायदा करू शकते, आणि बाकीची राज्यं मागाहून ठराव करून तो स्वीकारू शकतात. अनुच्छेद २५२. तसा १९७४ चा जल कायदा झाला. ज्या बारा राज्यांची नावं कलम एकमध्ये होती तिथे तो ताबडतोब लागू झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. आपला स्वतःचा १९६९ चा जलप्रदूषणाचा कायदा होता आणि त्याखाली १९७० मध्ये मंडळही उभं राहिलं होतं, केंद्राच्या आधी. मग आपण केंद्राचा कायदा स्वीकारला १ जून १९८१ पासून. म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या जुन्या रंगखान्याच्या सांडपाण्याच्या कागदांत १९७५ चं काही निघालं तर तिथे १९७४ चा कायदा लावून चालणार नाही. चादरीचं सूत रंगवणाऱ्या एका घराण्याच्या वाटणीच्या दाव्यात असे जुने कागद खरोखर निघाले होते आणि वकील मंडळी दुपारभर माझ्या टेबलाभोवती होती.

२०२४ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून दंड आणला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. वर्तमानपत्रांत मथळे होते. त्या आठवड्यात निदान तिघांनी चिठ्ठी लावली का म्हणून विचारलं. मी कलम एक काढून दाखवलं. हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेश. ज्यांनी ठराव केले त्यांच्यापुरती सुरुवात, बाकीच्या राज्यांनी स्वीकारली की तिथे. देशाच्या संसदेने मंजूर केलेला कायदा आपल्या जिल्ह्यात त्या क्षणी लागू नसतो, हे पटवायला मला भूजल कायद्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मात्र खरी रखडपट्टी मला वाटते ती पहिल्या अधिसूचनेनंतरची. अंमलाची तारीख आली म्हणजे काम झालं असं सगळे धरून चालतात. पाण्याच्या कायद्यात तिथून दुसरी रांग सुरू होते, नियम, अधिकारी, क्षेत्र. नियम करणार सरकार. अधिकारी कोण ते अधिसूचनेने. कुठली नदी, कुठलं लाभक्षेत्र, कुठला पाणलोट या कायद्याखाली येतो, तेही अधिसूचनेने. यातलं एक जरी राहिलं तरी कलम लागू असूनही हलत नाही.

सगळ्यात जुनं उदाहरण १९७६ च्या पाटबंधारे कायद्याचं. त्याने १८७९ चा इंग्रजांचा मुंबई पाटबंधारे कायदा काढून टाकला. (आमचा हिप्परग्याचा एकरुख तलाव त्या १८७९ च्याही आधीचा. इथे पाणी आधी अडवलं गेलं, कायदा मागून आला.) पण नव्या कायद्याखालचे नियम झालेच नाहीत, दशकानुदशकं. मग कालव्याचं पाणी कशाच्या आधारावर सुटत होतं? १९३४ च्या मुंबई कालवे नियमांच्या. नवा कायदा करताना शेवटी एक कलम असतं, विसंगत नसतील तितपत जुने नियम चालू राहतील. तात्पुरती सोय म्हणून ते ठेवतात. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, कालवे निघाले, उसाचं क्षेत्र वाढलं, जिल्ह्यात साखर कारखाने किती झाले ते सांगायला नको, आणि पाणी मागणीच्या अर्जामागे नियम मात्र उजनी कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हाचे.

२००५ मध्ये दोन कायदे जोडीने आले. एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, तो ८ जून २००५ पासून लागू. दुसरा सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा, पाणी वापर संस्थांचा. दुसऱ्याचे नियम पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये झाले. पहिल्याचे? २०१३. तेच सरकार, तेच खाते, तोच काळ, त्यामुळे वेळ लागतोच हो, असं कुणी म्हणालं की मी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवते. प्राधिकरणाच्या कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी पाणी समन्यायाने वाटून घ्यावं अशी तरतूद आहे. वरच्या धरणांत साठा आणि खाली उजनी मृतसाठ्यात, असं झालं की आमच्याकडचे लोक जे मागतात ते हेच. ती तरतूद २००५ पासून लागू होती. ती वापरायची कशी, हे सांगणारे नियम दुष्काळ डोक्यावरून गेल्यावर आले.

याच कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा उलटाही प्रकार पाहिला. शेतीचं पाणी उद्योगांना देण्याचे निर्णय आधीच घेतलेले होते, त्यांवर प्रश्न उभे राहिले होते, तर दुरुस्तीला मागची तारीख देऊन ते निर्णय वैध ठरवले. पुढे जायला वर्षं लागतात, मागे जाणं एका वाक्यात जमतं. अशी चिठ्ठी चिकटवताना ती कुठल्या वर्षाच्या पानावर लावायची हाच प्रश्न पडतो. मी दोन्हीकडे लावली.

भाच्याचं राहिलंच. पहिली गाडी त्याने जूनच्या आधी आणली, त्याबद्दल मी काही बोलले नाही. पुढे नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला त्या वर्षी, २०१८ च्या पावसाळ्यात, पाऊस काही नव्हता, त्याला दुसरा बोअर घ्यायचा होता.

"मावशी, आता नियम आलेत म्हणं. म्हणजे आतापासून बंदी?"

"बंदी केव्हापासूनच आहे. २०१४ च्या जूनपासून."

"मग हे काय आलंय?"

मी कलम वाचून मला कळलं ते सांगितलं. शेती-उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे ती थेट कायद्याच्या कलमात आहे, ती नियमांसाठी थांबलेली नाही. विहिरीची नोंदणी कुठल्या नमुन्यात करायची, बोअरच्या गाडीची नोंद कुठे करायची, फी किती, ते नियमांत यायचं. आणि जे आलंय तो मसुदा आहे. मसुदा म्हणजे लोकांनी हरकती घ्याव्यात म्हणून आधी प्रसिद्ध केलेला कागद, तो अजून नियम नव्हे. ज्या क्षेत्राची अधिसूचना निघेल तिथले निर्बंध आणखी वेगळे. आणि राज्याचं भूजल प्राधिकरण म्हणून काम कुणाकडे, तर त्या २००५ च्या जलसंपत्ती प्राधिकरणाकडेच.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "एवढं सगळं त्या गाडीवाल्याला माहीत असेल?"

"त्याला कशाला माहीत असायला पाहिजे? केस झाली तर जमीनमालक तू."

"मग तू तुझ्या वकिलांना विचारून सांग."

"मीच सांगितलं की तुला आता."

"तसं नव्हं गं, वकिलांनी सांगितलेलं बरं असतं."

विचारून सांगितलं. वकीलसाहेब माझ्याच पेन्सिलीच्या तारखा बघून बोलले.

भीमेचं पाणी आपण राज्याच्या कायद्यांनी वाटतो खरं, पण त्याच्यावर आणखी एक कागद आहे आणि तोही राजपत्राशीच अडलेला आहे. भीमा ही कृष्णेची उपनदी, तेव्हा उजनीतलं पाणी कृष्णा लवादाच्या हिशेबात येतं. आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे लवादाचा निर्णय केंद्र सरकारने राजपत्रात प्रसिद्ध करायचा, आणि प्रसिद्ध झाला की तो राज्यांवर बंधनकारक. २००२ च्या दुरुस्तीनंतर तर त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ आहे. म्हणजे न्यायमूर्ती वर्षानुवर्षं सुनावणी घेतात, खंडच्या खंड लिहितात, तरी शेवटचा टप्पा राजपत्राचाच. पहिल्या, म्हणजे बच्छावत लवादाचा निवाडा ३१ मे १९७६ ला राजपत्रात आला. महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. दुसरा लवाद ब्रिजेशकुमार यांचा, २००४ मध्ये नेमलेला. त्यांनी ३० डिसेंबर २०१० ला निर्णय दिला, नोव्हेंबर २०१३ मध्ये पुढचा अहवाल दिला. त्यात महाराष्ट्राला ६६६ आणि कर्नाटकाला ९०७. पण आंध्र प्रदेशाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्येच राजपत्रातल्या प्रसिद्धीला स्थगिती दिली होती, आणि तो निवाडा अजूनही राजपत्रात आलेला नाही.

मागे विजापूरचे एक ज्येष्ठ वकील कामासाठी सोलापुरात आले होते, दुपारी आमच्याकडे बसले. आमच्या एका वकिलांशी त्यांची मराठी-कानडीत जुंपली. हे म्हणत होते आमचा हक्क ६६६ चा, तुम्ही खाली बसून मोजता काय. ते म्हणत होते आमचे ९०७ आधी सोडा, मग बोला. आवाज वाढला तशी मी जाऊन सांगितलं, आजच्या घडीला तुमचे ५६० आणि यांचे ७००, बाकीचं राजपत्रात यायचंय. त्यावर दोघंही एक होऊन माझ्यावरच चिडले.